सह्याद्रीच्या पायऱ्या आणि तुवैकची पानं



सौदीत चार-पाच वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी घरात सुट्टीचा विषय निघाला की मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "इथे बघायला आहे काय? वाळूच तर आहे सगळी!" मोठी माणसंही त्यावर मान डोलावतात. नोकरी इथे आणि मन तिकडे, असा आपला हिशोब. गावी गेलं की मुलांना गड-किल्ले दाखवायचे, कोकणात न्यायचं, आणि इथे असलं की मॉल. या वेळच्या सदरात मुलांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं आम्ही ठरवलं आहे. उत्तर इतिहासाचंच आहे, फक्त तो राजेरजवाड्यांचा नाही, खडकांचा आहे. आणि तो वाचायला सौदीइतकी मोकळी जागा आपल्याला महाराष्ट्रातही मिळणार नाही. का, ते सांगतो.

रियाधकरांपैकी जे मक्का रस्त्याने पश्चिमेला गेले असतील त्यांना ठाऊक असेल. शहर मागे पडतं, सपाट माळ लागतो, आणि एकाएकी जमीनच संपते. रस्ता कड्यावरून वळणं घेत खाली उतरतो. बोरघाट उतरल्याची आठवण व्हावी, असा तो उतार. हाच तुवैकचा कडा. उत्तरेकडून दक्षिणेकडे चंद्रकोरीसारखा सुमारे ८०० किलोमीटर पसरलेला. रियाधच्या वायव्येला ज्या जागेला सगळे 'जगाचं टोक' म्हणतात, ती याच कड्यावर आहे.

आपल्या सह्याद्रीशी त्याचं साम्य खरोखर नवलाचं आहे. दोघांचेही कडे पश्चिमेकडे तुटलेले, आणि दोघांचाही उतार पूर्वेकडे. आपल्या गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला वाहतात, तशा इथल्या वादी, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नद्या, तुवैकच्या माथ्यावरून पूर्वेकडेच उतरतात. आणि दोन्ही कड्यांवर लांबून पाहिलं तर आडव्या रेघा दिसतात, एकावर एक, जणू चळत रचून ठेवली आहे.

पण साम्य इथेच संपतं. सह्याद्रीच्या पायऱ्या आगीच्या आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. त्याचा हा काळा कातळ. रायगड त्याच्यावर उभा आहे, वेरूळचं कैलास लेणं त्याच्यातच कोरलेलं आहे. पण लाव्हा ज्यावरून जातो ते जाळत जातो. त्याच्या पोटात शंख-शिंपले कुठून सापडणार? तुवैकच्या रेघा मात्र पाण्याच्या आहेत. उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेल्या गाळाच्या. म्हणूनच आम्ही सह्याद्रीला पायऱ्या म्हणतो आणि तुवैकला पानं. पायरीवर काही लिहिलेलं नसतं, पानावर असतं.

हे पान तयार कसं होतं? पावसाळ्यात आपल्या खाडीचं गढूळ पाणी काचेच्या ग्लासात भरून ठेवलं तर सकाळपर्यंत तळाशी गाळ बसतो. दुसऱ्या दिवशी आणखी ओता, त्यावर दुसरा थर. समुद्रात हेच चालतं, फक्त ग्लास शेकडो किलोमीटरचा आणि दिवसाऐवजी लाखो वर्षं. नदीने आणलेली माती, मेलेल्या प्राण्यांचे शिंपले, प्रवाळाचा चुरा, सगळं तळाशी साठतं. वरच्या थरांच्या वजनाने खालचे दाबले जातात, त्यातलं पाणी निघून जातं, आणि गाळाचा दगड होतो. शिंपल्यांचा चुना जास्त असेल तर चुनखडक, वाळू असेल तर वालुकाश्म, बारीक चिखल असेल तर पापुद्र्यांचा शेल. आणि गाळात पुरला गेलेला जीव लवकर झाकला गेला तर त्याच्या कठीण भागाचाही दगड होतो. तो जीवाश्म.

वाचण्याचा पहिला नियम अगदी घरगुती आहे. डब्यातल्या पोळ्यांत सगळ्यांत खालची पोळी आधी लाटलेली, वरची नंतरची. खडकांतही तसंच. खालचा थर जुना, वरचा नवा. आता ही चळत पूर्वेकडे किंचित कलती करा आणि वरून सुरीने सपाट तासून काढा. काय होईल? प्रत्येक पोळीची कड ओळीने उघडी पडेल. अरबस्तानात नेमकं हेच झालं आहे. म्हणून रियाधहून दम्मामला गाडीने जाणं म्हणजे नुसता चारशे किलोमीटरचा कंटाळा नाही. रियाध उभं आहे ते साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक काळातल्या चुनखडकावर. पूर्वेकडे जावं तशी पानं नवी होत जातात. मध्ये दहनाची लाल वाळू ती काही काळ झाकून टाकते, आणि धहरानच्या टेकड्यांवर पोचलो की आपण साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीच्या पानावर असतो. चार-साडेचार तासांत दहा कोटी वर्षं! उलट रियाधहून पश्चिमेकडे निघालात तर पानं जुनी जुनी होत जातात, आणि अखेर गाळाचे थर संपून साठ कोटी वर्षांहून जुने, ग्रॅनाइटसारखे मूळ खडक लागतात.

झाडी नाही, शेतं नाहीत, मातीचा जाड थर नाही. ज्याला आपण उजाडपणा म्हणून नाक मुरडतो, त्यामुळेच ही पानं उघडी राहिली आहेत.

आता पानांवर काय लिहिलं आहे ते पाहू. तुवैकच्या चुनखडकात प्रवाळ सापडतात, म्हणजे मंगळसूत्रात जे पोवळं ओवतात त्याचे दूरचे नातलग. प्रवाळाला उथळ, स्वच्छ, ऊबदार पाणी लागतं. म्हणजे सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी आजच्या रियाधच्या जागी तसं पाणी होतं, हे त्या एका जिवावरून कळतं. तिथल्याच त्याहून जुन्या थरांत अमोनाईट मिळतात. अमोनाईट म्हणजे माकूळच्या कुळातला, पण गुंडाळलेल्या शंखात राहणारा समुद्री प्राणी. नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आजोळच्या देवघरात ताम्हनात ठेवलेला शाळिग्राम आठवा. नेपाळातल्या गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा तो काळा गुळगुळीत दगड आणि त्यातलं ते चक्र. ते चक्र अमोनाईटच्या शंखाचं आहे, आणि तोही जुरासिक काळातलाच. श्रद्धेला यात बाधा येण्याचं काही कारण नाही. आपण ज्याला पुरातन म्हणून हात जोडले ते किती पुरातन, एवढंच इथे समजतं.

हिमालयातला शाळिग्राम आणि रियाधजवळचा अमोनाईट यांचा संबंध काय? समुद्र एकच. त्याला टेथिस म्हणतात. एड्वर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञाने १८९३ साली हे नाव दिलं. त्या काळी भारत, अरबस्तान, आफ्रिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच मोठ्या भूखंडाचे भाग होते आणि त्यांच्या उत्तर किनाऱ्याला हा समुद्र लागून होता. पुढे भारत सुटून उत्तरेला निघाला, आशियाला जाऊन धडकला, आणि मधल्या समुद्राचा तळ चुरगळून हिमालयात वर उचलला गेला. अरबस्तान बराच उशिरा आफ्रिकेपासून वेगळा झाला, मध्ये तांबडा समुद्र उघडला, आणि तोही उत्तरेला सरकून इराणला टेकला. दोघेही एकाच घरातून बाहेर पडलेले. आपल्यासारख्यांनी हे वाचून थोडं हसायला हरकत नाही.

मुलांचा पुढचा प्रश्न आम्हांला माहीत आहे. डायनासोर कुठे आहेत? सौदीत ते फार थोडे सापडतात, आणि कारण वरच्या मजकुरातच आहे. त्या काळाचा मोठा भाग ही जमीन पाण्याखाली होती, आणि डायनासोर जमिनीवरचे. तरी वायव्येकडे तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याजवळ एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरच्या शेपटीचे मणके आणि एका मांसाहारी जातीचे दात मिळाले. साधारण ७ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे. त्यांची शास्त्रीय नोंद २०१३ साली झाली. याबाबतीत विदर्भ श्रीमंत म्हणायला हवा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गावी लाव्हाच्या खालच्या गाळात डायनासोरची हाडं सापडतात. दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत साठलेल्या तळ्यांचा गाळही कुठे कुठे टिकला आहे. नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोळा केले, आणि मुंबईत वरळीच्या काळ्या शेलमध्ये तर चक्क बेडूक मिळाले. पण आपल्याकडे ही अशी तुरळक चिठ्ठी-चपाटी. इथे वहीच्या वही.

पूर्व भागातल्या मंडळींनी, म्हणजे खोबर, दम्माम, जुबैलकरांनी, स्वतःला कमी समजू नये. धहरानच्या परिसरातल्या पाच कोटी वर्षांच्या आसपासच्या थरांत न्युम्युलाईट मिळतात. डाळीच्या दाण्यापासून नाण्याएवढे चपटे गोल. एकपेशीय जिवाचं घर एवढं मोठं! इजिप्तच्या पिरॅमिडच्या दगडातही हेच आहेत. तिथल्याच मिद्रा शेल नावाच्या थरात शार्क माशांचे दात सापडतात. शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि उगवत राहतात, म्हणून एकेका माशाने हजारो मागे ठेवले. आणि अल कसीमकडे याहून चकित करणारं पान आहे. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता आणि इथे हिमनद्या होत्या. बर्फाने कोरलेल्या दऱ्या आणि त्यांनी ढकलत आणलेला दगडगोट्यांचा गाळ आजही तिथे आहे. पन्नास अंशांच्या उन्हात उभं राहून बर्फाच्या खुणा पाहायच्या!

आता थोडं आपल्या पोटापाण्याविषयी, कारण तेही याच थरांत आहे.

तेल डायनासोरचं होतं, असा मुलांचा समज असतो. नाही. ते समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं आहे. ते मरून तळाशी पडले. जिथे पाण्यात प्राणवायू कमी होता तिथे कुजले नाहीत, गाळात पुरले गेले, आणि खोल गेल्यावर पृथ्वीच्या उष्णतेने त्यांचं तेल झालं. तेल हलकं, ते वर सरकतं. ते थांबायला दोन गोष्टी लागतात. एक, स्पंजासारखा सच्छिद्र खडक. दोन, त्यावर गच्च झाकण. इथे सच्छिद्र खडक म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्याचा जुरासिक चुनखडक, ज्याला 'अरब' हेच नाव आहे. झाकण कसं बनलं ते कोकणातल्यांना चटकन कळेल. मिठागरात पाणी कोंडून सुकवलं की मिठाच्या आधी जिप्सम खाली बसतं. गणपतीच्या मूर्तीचं प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं ते यापासूनच. तो समुद्र आटत गेला तेव्हा इथेही प्रचंड मिठागर झालं आणि जिप्समचा पाणी नसलेला भाऊ, म्हणजे अनहायड्राइट, त्याचा जाड थर पसरला. रियाधच्या आग्नेयेला खर्जच्या वाटेवर दहल हिथ नावाच्या विवरात तो उघडा दिसतो, आणि त्या थराला नाव त्यावरूनच पडलं. विवर निसरडं आणि खोल आहे. काठावरूनच बघावं.

रियाधजवळ जमिनीवर दिसणारे हे थर पूर्वेकडे कलत कलत धहरानखाली दीड किलोमीटर खोल जातात. मॅक्स स्टाइनिकी हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वाळवंटात फिरून वरचे थर वाचत होते. दम्मामच्या पहिल्या सहा विहिरींतून धंद्याला पुरेल इतकं तेल मिळालं नाही, तरी अधिक खोल जा, असा त्यांचा आग्रह होता. मार्च १९३८ मध्ये सातव्या विहिरीत सुमारे १,४४० मीटरवर तेल लागलं. दहा वर्षांनी, १९४८ साली, घवार सापडलं. जगातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र. आपल्याकडे काळ्या कातळात तेल नाही म्हणतात ते खरं, पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात, कातळावर नंतर साठलेल्या चुनखडकात, १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेल शोधलंच. तेही गाळाचंच देणं.

आता या वहीची अगदी अलीकडची पानं. नफूदच्या वाळवंटात जुन्या तळ्यांचा गाळ आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशाच एका तळ्याच्या काठी सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वीची माणसांची पावलं नोंदली गेली. सोबत हत्ती, उंट, घोडे यांचेही ठसे. त्याआधी २०१८ मध्ये त्याच वाळवंटातून मिळालेलं, ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचं माणसाच्या बोटाचं एक हाड जगापुढे आलं. आणि २०२५ साली मध्य अरबस्तानातल्या गुहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुहेच्या छतातून पाणी ठिबकत असेल तरच चुन्याचे सुळके वाढतात. त्या सुळक्यांचं वय मोजल्यावर दिसलं की गेल्या ८० लाख वर्षांत ही जमीन एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा ओली आणि हिरवी झाली होती. अशा काळात पावसाचा पट्टा उत्तरेला सरकून इथवर येई. आपल्या मोसमी वाऱ्यांचा 'मोसम' हा शब्द मूळचा अरबीच. शब्द तिकडे गेला आणि पाऊस तेवढा इथला बंद झाला.

त्या जुन्या पावसाचं पाणी मात्र अजून आहे. ते वालुकाश्मांच्या थरांत मुरून खोल साठलं, हजारो वर्षांपूर्वी. वाळवंटावरून विमान जाताना हिरव्या भाकऱ्यांसारखी गोल शेतं खाली दिसतात, ती या पाण्यावर. १९८० च्या दशकात सौदीने त्या पाण्यावर इतका गहू पिकवला की देश स्वयंपूर्ण होऊन निर्यातही करू लागला. पण वरून भर नव्हती. २००८ साली सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, आणि २०१६ पर्यंत ती थांबवली. पुढे ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. योगायोग असा की त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. काळ्या कातळात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. तिथली ठेव मुळातच लहान. पण तिला दर पावसाळ्यात भर पडण्याची आशा तरी असते. इथली ठेव मोठी, पण खात्यात भरणारा केव्हाच निघून गेला.

आम्हांला या सगळ्यात सांगण्यासारखं वाटलं ते हेच. आपण गल्फमधली माणसं ठेवी, व्याज, मुदत या भाषेत पक्की. गावचा फ्लॅट, मुलांच्या फिया, आईवडिलांची औषधं, सगळं इथल्या पगारातून, आणि पगार अखेर त्या थरांतून. जी ठेव साठायला कोट्यवधी वर्षं लागली ती १९३८ पासून शंभर वर्षांच्या आत आपल्या आणि आपल्या मागच्या पिढीने भराभर काढली. जाळलेल्या तेलाचा धूर हवेत गेला आणि हवा तापते आहे, तो हिशोब वेगळाच. नोकरी सोडा असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही इथेच आहोत. पण आपण ज्यावर जगतो ते काय आहे, हे मुलांना ठाऊक असावं. नळ सोडून दात घासणाऱ्या मुलाला दहा वेळा रागावण्यापेक्षा ही गोष्ट एकदा सांगितली तर अधिक उपयोग होईल.

थंडीत एखाद्या शुक्रवारी तुवैकला जरूर जा. दोन गाड्या, भरपूर पाणी, कड्याच्या टोकापासून मुलं दूर, आणि ढग दिसले तर वादीत थांबायचं नाही. मुलांना थर मोजू द्या, सगळ्यांत जुना कोणता ते विचारा. तळाशी पडलेल्या साध्या दगडाचा तुकडा खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडक. पुढच्या वेळी गावी गेल्यावर हाच प्रयोग काळ्या कातळाच्या भुकटीवर करा, साधारणपणे तो गप्प राहील. आग आणि पाणी यांतला फरक मुलं स्वतःच सांगतील.

आणि जीवाश्म दिसला तर तो उपटून पिशवीत टाकू नका. जागेवरून हलवलेला जीवाश्म म्हणजे वहीतून फाडलेलं पान. तो कुठल्या थरातला, हेच मग कळत नाही. शेजारी एक रियालचं नाणं ठेवून फोटो काढा, जागा टिपून ठेवा, आणि काही विशेष वाटलं तर जेद्दाच्या सौदी भूगर्भ सर्वेक्षण खात्याला कळवा. अशा फोटोंसाठी आपल्या अंकात आम्ही आनंदाने जागा करू. खाली मुलाचं नाव आणि इयत्ता जरूर लिहा.